दोनशेवीसचा मान

शेषेरावांच्या घराण्यात आजारानं कुणी मेलं नव्हतं. म्हणजे पुरुष. बाया मरत, तापानं, बाळंतपणात, कधी नुसत्या कंटाळून. पुरुषांचं मरण मात्र ठरलेलं होतं. हातात काठी, तोंडात शिवी आणि समोर कुणीतरी. पणजोबा बाभूळ तोडणाऱ्यावर कुऱ्हाड घेऊन धावले आणि धावता धावता गेले. आजोबा बसकण मारलेल्या बैलाला झोडपताना गेले; बैल नंतर आपणहून उठला. वडील नरसिंगराव बांधावर व्यंकटरावाशी लढताना गेले. तिघंही पन्नाशीच्या पलीकडे, साठीच्या अलीकडे. तिघांचीही तोंडं शेवटी तांब्याच्या हंड्यासारखी लाल झाली होती. बारकाईनं पाहिलं असतं तर कुणाला काही दिसलं असतं. पण बारकाईनं पाहणं हे त्या घरात बायकांचं काम, आणि बायकांना विचारायची पद्धत नव्हती.

"आमच्यात अंथरुणावर मरायची चाल न्हाई," असं शेषेराव चारचौघांत सांगत. ते स्वतः आता पंचावन्नच्या पुढे सरकले होते.

नरसिंगरावांच्या मरणाची गोष्ट रुईतळ गावात सगळ्यांना पाठ होती. नांगरटीच्या दिवसांत शेजारच्या व्यंकटरावानं बांध कोरला. नरसिंगराव घरून शेतापर्यंत पळत गेले, असे पळाले की धोतराचा सोगा वाटेतच सुटला. त्यांनी काठी उगारली. तेवढ्यात व्यंकटरावाची काठी त्यांच्या डाव्या खांद्यावर बसली आणि माणूस जागच्या जागी गार. फौजदार आला तेव्हा व्यंकटराव मिशीवर हात फिरवून म्हणाला, "हाव, म्याच मारला. एकाच दणक्यात." ज्याला असा दणका मारता येतो त्यानं नाकारायचं कशाला? त्याला जन्मठेप झाली आणि तो आतच वारला.

पाहणारा एकच होता. बौद्धवाड्यातला पंढरी पलीकडच्या शेतात कडबा बांधत होता. त्यानं दिसलं तसं सांगितलं, "काठी लागायच्या आदीच मालक पडले. काठी पडल्यावर लागली."

त्या दिवशी दोन्ही घरं पहिल्यांदा एक झाली. नरसिंगरावाच्या शेषेरावाला वाटलं, हा आपल्या बापाचं मर्दाचं मरण चोरतो. व्यंकटरावाच्या किशनरावाला वाटलं, हा आपल्या बापाचा दणका चोरतो. दोघा तरण्याबांड पोरांनी मिळून पंढरीला पिंपळाखाली घेतलं. त्याचा उजवा गुडघा नेमका कुणाच्या काठीनं फुटला यावर गावात अजून एकमत नाही. दोन्ही घरं तो मान आपला सांगतात. पंढरीनं पुन्हा गवाही दिली नाही आणि त्याला पुन्हा नीट चालताही आलं नाही.

शेषेरावांनी तेव्हा शपथ घेतली होती. बापाचा खून फिटेपर्यंत डोक्याला पटका बांधणार नाही. व्यंकटराव जेलात मेल्यामुळं देणं वारसाहक्कानं किशनरावाकडं आलं. दरसाल वैशाखात, बापाच्या तिथीला, शेषेराव बोडक्या डोक्यानं बापाची काठी घेऊन बांधावर उभे राहायचे, किशनराव पलीकडून यायचा, आणि दोघं जेवणवेळेपर्यंत एकमेकांना मारायचे. एका साली किशनरावाचे पुढचे दात गेले. एका साली शेषेरावांच्या दोन बरगड्या. खून काही फिटला नाही, पण प्रयत्नात खंड नव्हता. अलीकडं शेषेरावांची मान ठणकायची, सकाळी डोकं फुटायची वेळ यायची, डोळ्यांपुढं काजवे नाचायचे. मराठवाड्याच्या उन्हात इतकी वर्षं बोडकं फिरल्यावर दुसरं काय होणार? दुखणं शपथेचं होतं, म्हणून त्यांना ते आवडायचंही.

त्या वर्षी दुष्काळ होता आणि जिल्हा नवा होता. लातूर उस्मानाबादेतून फुटून वेगळं झालं, अहमदपूरच्या स्टँडवरची पाटी बदलली, कचेरीतले शिक्के बदलले. पाणी तेवढं जुन्या जिल्ह्याबरोबर गेलं असावं. फाल्गुनातच टँकर सुरू झाला. टँकर यायचा, गावच्या विहिरीत पाणी ओतून जायचा, आणि मग सगळं गाव दोर-बादल्या घेऊन काठावर तुटून पडायचं. डोकी फुटायची, बांगड्या फुटायच्या, घागरी मात्र जपल्या जायच्या. शेषेराव तिथं काठी घेऊन बंदोबस्ताला असत. त्यांना कुणी नेमलं नव्हतं, आणि नको म्हणायची कुणाची छातीही नव्हती.

एके दिवशी किशनरावानं रांग मोडून बादली सोडली. शेषेरावांनी त्याचा दोर काठीनं उडवला. किशनरावानं ओढून घेतलेली लोखंडी बादली गरकन फिरवली, ती शेषेरावांच्या कानशिलाला चाटून गेली, कानाची पाळी फाटली. शेषेरावांनी त्याच्या नडगीवर काठी हाणली. किशनराव एका पायावर नाचत पुन्हा बादली घेऊन आला. बाया मागं सरल्या, पण दोर कुणी सोडले नाहीत. शेषेरावांनी काठी डोक्याच्या वर नेली, आणि वर गेलेली काठी खाली आली नाही. विहीर, बादली, किशनराव, सगळं काळं झालं. ते मटकन काठावर बसले. किशनरावही बादली उगारलेलीच धरून उभा. बसलेल्या माणसाला मारायचं की नाही, याचा त्याच्याकडं नियम नव्हता.

तेवढ्यात शेषेरावांची बायको कस्तुराबाई गर्दीतून पुढं आली आणि तिनं भरलेली घागर नवऱ्याच्या डोक्यावर पालथी केली.

सगळं गाव हळहळलं. घागरीसाठी.

घरी आल्यावर कस्तुराबाईनं कानाच्या फाटक्या पाळीत हळद दाबली आणि म्हणाली, "सोमवारी शाळेत शिबिर हाय म्हणं. पन्नाशीच्या वरच्या गड्यांचं. बीपी बगतेत, शुगर बगतेत, लघवी बगतेत. जाऊन या."

"शिबिर," शेषेराव म्हणाले. "मागल्या शिबिरात ट्रकात घालून नेलं व्हतं गड्यांना. सगळे बैलाचे मुके घेत परत आले."

"तुमाला आता नसबंदी कोण करायलंय? सरकारला बी अक्कल हाय की."

शेषेरावांनी पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकला. रिकामा होता, म्हणून फेकला.

कस्तुराबाईनं तो उचलून जागेवर ठेवला. "एक इचारू? तुमचा आजा बैलाला मारताना मेला. बैलानं मारलं का त्याला?"

"जास्त बोलू नगंस."

"पणजा पळताना मेला. त्याच्यापासी तर कुणी पोचलं बी नव्हतं. समदे लाल व्हऊन मेले. तुमी आज विहिरीवर लाल झाल्ते."

शेषेरावांचा हात वर गेला. आयुष्यात तो तसा बऱ्याचदा वर गेला होता आणि खालीही आला होता. कस्तुराबाई या खेपेला मागं सरली नाही.

"हाणा," ती म्हणाली. "पर इचार करून हाणा. हाणता हाणता पडलाव तर गाव म्हणंल कस्तुराबाईनं मारला. तुमच्या घरात माणूस मेला की समोरचा जेलात जातो. म्या या वयात जेलात न्हाई जायची."

हात तसाच काही वेळ वर राहिला. मग शेषेरावांनी त्याच हातानं डोकं खाजवलं आणि बाहेर गेले.

सोमवारी शाळेच्या व्हरांड्यात टेबलं मांडली. नव्या जिल्ह्याचं पहिलंच शिबिर म्हणून पताका लावल्या होत्या. डॉक्टर होती पंचशीला, पंढरीची लेक. गावच्याच शाळेत शिकून नांदेडला गेली, पुढं डॉक्टर झाली, आणि नव्या जिल्ह्यानं तिला जवळच्याच आरोग्य केंद्रात नेमलं. ती आली तेव्हा गावात पन्नाशीच्या पुढचा एक पुरुष नव्हता. कुणी कोरड्या नदीत जाऊन बसला होता, कुणी बाजार नसताना अहमदपूरच्या बाजाराला गेला होता. शेषेराव आणि किशनराव पळणारे नव्हते. ते आपापल्या ओट्यावर बसून, आपण पळालो नाही हे गावाला दाखवत होते.

पंचशीला याच गावची. तिनं फार वाट पाहिली नाही. दवंडीवाल्याला बोलावलं आणि सांगितलं, "नुसतं एवढं ओरड, तपासणीचा पहिला मान कुणाच्या घरचा, ते ठरायचं राहिलंय."

दवंडी अर्ध्या गावात पोचायच्या आत दोघंही शाळेच्या पायरीवर होते. पोळ्याला पहिला बैल कुणाचा, होळीला पहिली गोवरी कुणाची, यावर ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या रक्त सांडलं, ती घरं असा मान सोडतात होय. पायरीवरच जुंपली. किशनरावानं शेषेरावांचा फाटका कान धरून ओढला. शेषेरावांनी त्याला पताकांच्या दोरीत गुंडाळून खांबावर आपटला. लघवीच्या बाटल्यांचं टेबल उलथलं. बाटल्या रिकाम्या होत्या हे नशीब. आवाज ऐकून नदीतले, बाजाराच्या वाटेवरचे, सगळे गडी मारामारी बघायला धावत आले, आणि पंचशीलानं फाटकाला कडी घातली.

"किशनकाका आधी," ती म्हणाली. "ते खांबाजवळ आहेत."

किशनरावाच्या दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, पारा चढला आणि उतरला. "एकशे चाळीस," पंचशीला म्हणाली. "मारामारी करून आल्यावर एवढं चालतंय."

किशनरावानं गावाकडं छाती काढून पाहिलं. "एकशेचाळीस."

मग शेषेराव बसले. पट्टा बांधताना त्यांनी डोळे मिटले नाहीत, श्वास तेवढा रोखून धरला. पारा वर गेला, आणखी वर गेला. पंचशीलानं कानातली नळी काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा फुगा दाबला.

"दोनशेवीस."

 कुणीतरी मागून "बाप रे" म्हणालं. शेषेराव उठले. इतक्या वर्षांत त्यांना किशनरावावर असा निर्विवाद विजय मिळाला नव्हता. "ऐकलं का?" ते गावाला म्हणाले. "दोनशेवीस. ह्यो एकशेचाळीसवाला माझ्याशी बांधावर भांडायलाय."

"मशीन लबाड हाय," किशनराव खांबापासून म्हणाला. "माझं पुन्ना बगा. म्या जोर लावला नव्हता."

"खाली बसा काका," पंचशीला शेषेरावांना म्हणाली. तिचा आवाज असा होता की ते बसले. "हा मान नाही. आकडा जेवढा वर तेवढं मरण जवळ. रक्त नसांना आतून दणके मारतंय. दिसत नाही, बऱ्याचदा दुखतही नाही, कधी मान दुखते, कधी डोकं. मग एक दिवस माणूस पळतो, ओरडतो, हात उगारतो आणि मेंदूतली नस फुटते. तोंड लाल होतं, माणूस पडतो. हे घराण्यात उतरतं. पन्नाशीनंतर दरसाल बघून घ्यायचं असतं, गोळी घेतली तर टळतंय. तुमच्या आजोबांना बैलानं मारलं नव्हतं."

शेषेरावांनी दाराकडं पाहिलं. दारात कस्तुराबाई होती. तिच्यामागं, भिंतीला टेकून, लंगडा पाय पुढं काढून पंढरी बसला होता.

"आन माझ्या बापाला?"

"ते आमच्या बाबांनी सांगितलंय," पंचशीला म्हणाली. "एकदा."

शेषेराव उठायच्या आत किशनराव उठला. पताकांची दोरी त्याच्या गळ्यात तशीच होती. "खोटं हाय," तो म्हणाला. "माझ्या बापानं मारला. एका दणक्यात. समद्या तालुक्याला म्हाईत हाय."

"बराबर बोलतोय त्यो," शेषेराव म्हणाले.

दोघंही थबकले. आपण एकमेकांच्या बाजूनं बोललो हे दोघांनाही आवडलं नाही. पण मुद्दा दोघांचा एकच होता. खून झाला नसला तर शेषेरावांची शपथ उन्हात वाया गेली होती, आणि किशनरावाचा बाप जेलात.

शेषेराव विचार करत होते. हा त्यांना न जमणारा प्रकार, म्हणून वेळ लागला. मग ते म्हणाले, "पोरी, तुझ्या गोळीनं पारा खाली येतो?"

"रोज न चुकता घेतली, मीठ कमी केलं, तर दोन महिन्यांत येईल."

"मंग असं करू. म्या गोळ्या खातो. पारा खाली आणतो. वैशाखात बापाच्या तिथीला ह्या किसन्यानं तोच दणका मला त्याच जागी मारायचा. पारा खाली असून बी म्या मेलो, म्हंजी बाप काठीनं मेला, आन पंढरी खोटा. काय किसन्या?"

"कबूल," किशनराव म्हणाला. त्याला इतकं न्याय्य बोलणं शेषेरावाच्या तोंडून कधी ऐकल्याचं आठवत नव्हतं.

"दोघांनाही पोलिसांत देईन," पंचशीला म्हणाली. पण कस्तुराबाईनं तिचा पदर मागून ओढला आणि कानात म्हणाली, "गोळ्या तर सुरू हू दे, बाई. वैशाख लांब हाय."

अशा रीतीनं शेषेरावांनी औषध सुरू केलं. डॉक्टर खोटी ठरावी म्हणून. आणि त्यात कसूर होऊ नये म्हणून किशनराव रोज सकाळी त्यांच्या कुंपणाशी येऊन ओरडू लागला, "खाल्ली का रं?" आतून उत्तर यायचं, "खाल्ली रं, तुझ्या..." पुढचं दुष्काळ असूनही भरपूर असायचं.

छातीचा आलेख काढायला पंचशीलानं नांदेडला धाडलं, तर हा खरंच दवाखान्यात जातो की नाही हे बघायला किशनराव त्याच एस.टी.त चढला. खिडकीवरून दोघं भांडले, किशनरावाची नवी कवळी खिडकीतून बाहेर गेली, आणि लोह्याला कंडक्टरनं दोघांनाही उतरवलं. उरलेली वाट ते एकाच ट्रकच्या हौद्यात, दोन टोकांना तोंडं करून गेले. दवाखान्यात शेषेरावांच्या छातीला वायरी लावल्या तेव्हा किशनराव दारातून आत वाकून बघत होता. "हृदय थोडं ताणलंय, पण वेळेत आलात," तिथला डॉक्टर म्हणाला. "हे भाऊ का तुमचे?" दोघांनी एकदमच शिवी दिली.

चैत्रात गावातल्या रेवणसिद्धाच्या मुलीच्या लग्नात शेषेरावांनी पत्रावळीवर लोणच्याची फोड घेतली. पंगतीच्या त्या टोकाहून किशनराव उठून आला आणि पत्रावळ लाथेनं उडवली. "मीठ खातो व्हय? मंग मेलास तर मिठानं मेलास का माझ्या दणक्यानं, कसं कळंल?" शेषेरावांनी वरणाचं पातेलं त्याच्या पाठीवर ओतलं. वरण गरम होतं. पाठ भाजली, नवरीच्या मामाचा दात पडला, मांडव एका बाजूला बसला. पण लोणच्याची फोड काही पोटात गेली नाही, हे कस्तुराबाईनं लांबून पाहून घेतलं.

आणि मग एक अडचण झाली, जिच्याबद्दल शेषेराव कुणाला काही बोलले नाहीत. त्यांची मान दुखायची थांबली. पहाटे जाग आली की डोकं हलकं असायचं. कित्येक वर्षांनी त्यांना टिटवी नीट ऐकू आली. आधी डोक्यातच इतका आवाज असायचा. ऊन तेच होतं, डोकं बोडकंच होतं, आणि दुखत नव्हतं. म्हणजे दुखणं शपथेचं नव्हतं. ओट्यावर बसून ते कस्तुराबाईला भाकरी थापताना बघत राहायचे आणि ती वळली की तोंड फिरवायचे. जगणं बरं वाटू लागलं होतं, आणि त्यांच्या घराण्यात याला काय म्हणतात हे त्यांना माहीत नव्हतं.

वैशाख आला. तिथीच्या सकाळी सगळं गाव बांधावर जमलं. दुष्काळात कामं नव्हती, करमणूक कुठली असणार. पंचशीला पट्ट्याची पेटी घेऊन आली होती. तिनं पोलिसांत कळवलं होतं. पोलीस म्हणाले, खून झाला की कळवा. कस्तुराबाईनं ट्रंकेतला जुना पटका काखेत घेतला होता. डोक्याला बांधायला की तोंडावर टाकायला, ते ठरायचं होतं.

ती शेषेरावांजवळ गेली. "मेलाव तर ह्यो किशनराव जेलात सडंल आन म्या कपाळ पुसून बसंन," ती हळू म्हणाली. "जगलाव तर तुमच्या बापाचा खून जाईल. तुमाला काय पायजे ते मनात तरी ठरवा."

शेषेरावांनी दंड पंचशीलापुढं केला. पंचशीलानं पारा बघितला. एकशे अडतीस. किशनरावाहून दोननं कमी. एरवी ते यावरही भांडले असते.

"नेमकी जागा कुठली?" किशनरावानं विचारलं. त्याच्या हातात बापाची काठी होती, तेल लावलेली.

नेमकी जागा माहीत असणारा माणूस एकच. गाव बाजूला झालं आणि पंढरी पाय ओढत पुढं आला. त्यानं शेषेरावांच्या डाव्या खांद्याच्या हाडावर बोट ठेवलं. "हितं," तो म्हणाला. "पर पडल्यावर."

"ते बगू," किशनराव म्हणाला.

"बाबा, तुम्ही मागं व्हा," पंचशीला म्हणाली. "काका, अजून सांगते, हे येडेपण आहे."

किशनरावानं काठी दोन्ही हातांनी उचलली. बापाची सगळी इज्जत त्या लाकडात आली होती, त्यामुळं त्यानं जराही हात राखला नाही. काठी शिट्टी वाजवत आली आणि खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज बांधाच्या त्या टोकापर्यंत गेला. शेषेराव गुडघ्यांवर आले, मग एका हातावर, मग तोंड मातीत गेलं. कस्तुराबाईच्या काखेतला पटका सुटला.

कुणी हललं नाही.

शेषेराव मातीत पडून वाट पाहत होते. बाप असाच पडला होता. आता काळं होईल, आता काजवे येतील. खांद्यात आग पेटली होती, उलटी येत होती, तोंडात ढेकळं गेली होती. पण डोकं स्वच्छ होतं. लांब कुठंतरी टिटवी ओरडली, तीही ऐकू आली. त्यांनी उजवा हात रोवला, गुडघा वर घेतला, आणि उभे राहिले.

"मेलो न्हाई," ते म्हणाले. आवाजात थोडी दिलगिरी होती.

किशनरावानं काठी पुन्हा उचलली. "आनखी एक मारू दे."

"तुझ्या बापानं एकच मारला व्हता."

काठी वर तशीच राहिली आणि मग किशनरावाच्या हातून गळली. तो बांधावर बसला. आयुष्यभर ज्या दणक्याच्या जोरावर त्यानं मिशी वाढवली, तो दणका म्हणजे मोडलेला खांदा निघाला. "मंग माझा बाप कामून सडला रं तिथं?" तो म्हणाला. "कामून हाव म्हणला त्यो?"

याचं उत्तर गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी दिलं नाही.

पंचशीला धावली. हात बांधायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तिनं खाली पडलेला पटका उचलला, फर्रकन मधोमध फाडला आणि शेषेरावांचा हात गळ्यात अडकवला. सत्तावीस उन्हाळे ट्रंकेत जपलेलं कापड. शेषेरावांनी ते फाटताना पाहिलं. मग चांगल्या हातानं बांधावर टेकवून ठेवलेली आपल्या बापाची काठी उचलली आणि पंढरीसमोर धरली.

"घे," ते म्हणाले. "तुझा गुडघा म्या फोडला. हाण."

पंढरीनं काठी हातात घेऊन तोलून पाहिली. पंचशीला पुढं होणार तोच किशनराव उठून मध्ये आला.

"तू कुटं फोडलास? म्या फोडला. पहिला मान माझ्या गुडघ्याचा," आणि त्यानं धोतर वर घेऊन पाय पुढं केला.

"तू पाठीवर मारत व्हतास. गुडघा माझा."

"तुला काय दिसतंय, तुझा पारा तवाच चढला असंल."

"माझ्या पाऱ्याचं नाव काढू नगंस, एकशेचाळीस."

पंढरीनं दोघांकडं पाहिलं. त्याचं पन्नाशीचं वय, मोडका पाय, आणि समोर दोन गुडघे आपल्याला आधी मारा म्हणून भांडत होते. त्यानं काठीचं टोक जमिनीत रोवून, तिच्यावर भार टाकून पाहिला.

"लाकूड बरं हाय," तो म्हणाला. "टेकायला."

आणि तो नरसिंगरावांच्या काठीवर रेलत, पहिल्यांदाच जरा सरळ, बौद्धवाड्याच्या वाटेला लागला. त्याच्यामागं दोन्ही आवाज चढतच होते. पंचशीलानं शेषेरावांच्या चांगल्या दंडाला पुन्हा पट्टा गुंडाळायला घेतला. कस्तुराबाईनं पदराच्या गाठीतली सकाळची राहिलेली गोळी काढली, आणि किशनरावाला शिवी द्यायला शेषेरावांचं तोंड पूर्ण उघडलं तेव्हा आत टाकली.